सामाजिक विचलन म्हणजे गुन्हाच का? रोजच्या जगण्यातलं उदाहरण कुठून आणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एस. वाय. बी. ए.ला समाजशास्त्र आहे, 'सामाजिक विचलन' या प्रकरणावर स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण लिहून आणायला सांगितलंय, आणि तुम्ही म्हणता, "मी नाशिकचा, पण आजवर साधा सिग्नलही तोडलेला नाही, मग मी काय लिहू?"

नाशिकमध्ये गाडी चालवून एकदाही सिग्नल तोडला नाही, हेच लिहून द्या. काम झालं.

गंमत केली, पण सगळीच गंमत नाही. हेल्मेटचं बघा. कायद्याने ते सक्तीचं. पण नाशिकच्या आमच्या सिडकोत हेल्मेट घालून कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला निघालो की एखादा तरी विचारतोच, "काय, लांब निघालात का?" बिनहेल्मेटवाल्याला कुणी काही विचारत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं तेव्हा पंपावर काय चालायचं ते आठवत असेल. पुढच्याचं हेल्मेट मागून डोक्यावर ठेवायचं, टाकी भरायची, परत द्यायचं. देणाराही हसतहसत द्यायचा. आपण नियम मोडायला हातभार लावतोय असं त्याच्या मनातही नसायचं, त्याच्या लेखी तो अडलेल्याला मदत करत होता.

दुसरं उदाहरण पाटीवरच लिहिलेलं असतं: 'परमिट रूम'. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, म्हणून हे नाव. आता तुमच्या ओळखीतल्या पिणाऱ्या किती जणांच्या खिशात परवाना असतो, ते मोजा. कागदावर ते सगळे कायदा मोडतात आणि कुणाच्याही नजरेत ते गुन्हेगार नसतात. म्हणजे तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग इथेच निकालात निघतो. गुन्हा म्हणजे कायद्याचं उल्लंघन, विचलन म्हणजे समाजाच्या प्रमाणकाचं, म्हणजे 'असंच वागायचं' असं सगळ्यांनी धरून चाललेल्या रीतीचं उल्लंघन. दोन्ही वर्तुळं काही जागी एकमेकांवर येतात, बऱ्याच जागी येत नाहीत.

माझी स्वतःची एक कसोटी आहे. ज्याला कारण सांगावं लागतं, तो त्या जागी, त्या वेळी विचलित, म्हणजे रीत सोडून वागणारा. ज्याला कुणी कारण विचारत नाही, तो प्रमाणकात बसला. पुस्तकात ती या शब्दांत नाही, त्यामुळे पेपरात जपून वापरा. माणसं आपल्या वागण्याची सफाई कशी देतात यावर स्कॉट आणि लायमन या समाजशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक निबंध लिहिला होता. तो वाचला तेव्हापासून हे डोक्यात बसलंय, आणि पुढे ते अंगावरच आलं.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत चौदा वर्षं क्वालिटीला होतो. कंपनीने प्लँट दुसऱ्या राज्यात हलवला, मी गेलो नाही. बायकोची बँकेतली नोकरी इथली, मुलगी तेव्हा दुसरीत. हिशोब मांडला आणि ठरवलं की काही वर्षं घर मी बघायचं. घरात कुणाची हरकत नव्हती. आईने एकदाच विचारलं, "पोळ्या पण तूच करणार?" हो म्हटल्यावर विषय संपला.

खरा त्रास लिफ्टमध्ये सुरू झाला. सकाळी साडेअकराला भाजीची पिशवी घेऊन खाली उतरलो की दुसऱ्या मजल्यावरचे काका हटकून विचारायचे, "आज सुट्टी का?" पहिल्या दिवशी खरं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी गेल्याची बातमी ऐकल्यासारखे भाव आले. "होईल, होईल, मिळेल काहीतरी," म्हणाले. मी काही शोधतच नव्हतो, पण हे सांगायला लिफ्टचा प्रवास पुरत नाही. मग मी "रजा टाकलीय" म्हणायला लागलो. रजा महिनाभर चालली. मग "वर्क फ्रॉम होम". ते पटावं म्हणून मी जे केलं ते आज लिहितानाही लाज वाटते: लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून कोथिंबीर आणायला जायचो. जुडी बॅगेत, वर चेन लावलेली.

शाळेच्या व्हॅनपाशी उभ्या असणाऱ्या आया मी गेलो की आवाज बारीक करायच्या. कुणी वाईट वागलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. पण रोज, दिवसातून दोनतीनदा, मी कुणाला तरी माझं कारण द्यायचो. माझी बायको चौदा वर्षं सकाळी डबा करून नोकरीला गेली, तिला लिफ्टमध्ये कधी कुणी विचारलं नाही की तुम्ही घरी का नाही. तिच्या आईला मात्र १९८० च्या सुमारास हाच प्रश्न सतत यायचा, कारण त्या काळी त्यांच्या वाड्यात नोकरी करणारी बाई त्या एकट्याच. प्रमाणक सरकतं ते असं. कधी सरकलं ते कुणाला सांगता येत नाही.

बॅगेच्या त्या प्रकाराला समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमन यांच्याकडे नाव आहे: 'पासिंग'. कलंकावरच्या, म्हणजे समाज माणसावर मारतो त्या कमीपणाच्या शिक्क्यावरच्या, १९६३ च्या पुस्तकात ते सांगतात की ज्याचा कलंक अजून उघड झालेला नाही तो आपण सर्वसामान्य आहोत असं भासवत वावरतो, आणि त्यात त्याची फार ताकद जाते. मी ते मुक्त विद्यापीठातून बी. ए. करताना वाचलं होतं, तेव्हा फक्त मार्कांपुरतं. कोथिंबिरीने समजावलं.

आता जरा अभ्यासक्रमाचं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ समनर यांनी १९०६ मध्ये लोकरीती आणि लोकनीती असा फरक केला. मिसळीबरोबर पाव न घेता पोळी मागितली तर लोकरीत मोडली, लोक हसतील. लोकनीती मोडली तर हसणार नाहीत, संबंध तोडतील. एवढं लिहा, पुढे चला.

हारोल्ड गार्फिंकल यांचे प्रयोग मात्र सविस्तर लिहा, कारण तुम्हाला ते घरी करता येतील. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की स्वतःच्याच घरात पंधरा मिनिटं ते तासभर पेइंग गेस्टसारखं वागा. विनयाने बोला, विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका, कुणी बोलल्याशिवाय बोलू नका. विनय हा तर सद्गुण! तरी घरोघर गोंधळ उडाला. बरं नाही का, कॉलेजात काही झालं का, आमच्यावर रागावलास का? काही घरांत भांडणं झाली. तुम्ही आज संध्याकाळी आईला म्हणून बघा, "आपली हरकत नसेल तर फ्रिज उघडू का?" दुसऱ्या वाक्याला ती कपाळाला हात लावून ताप बघेल आणि तिसऱ्याला चिडेल. नियम लिहिलेला नव्हता, कुणी शिकवला नव्हता, मोडला तेव्हाच दिसला. फक्त प्रयोग झाल्यावर तिला खरं सांगा, नाहीतर गावाकडून मावशी येईल.

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम यांनी सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत विद्यार्थ्यांना धाडलं. धडधाकट तरुणाने बसलेल्या प्रवाशाला म्हणायचं, "मला तुमची जागा देता का?" कारण द्यायचं नाही. शंभरातल्या ६८ जणांनी जागा दिली, कुणी उठून, कुणी सरकून. "उभ्याने पुस्तक वाचता येत नाही" असं फुटकळ कारण दिलं तर आकडा सुमारे ४२ वर आला. उलटं वाटतं ना? पण कारण दिलं नाही की समोरचा स्वतःच कारण तयार करतो: बरं नसेल बिचाऱ्याला. फालतू कारण दिलं की ती सोय जाते. आणि खुद्द मिलग्रम जागा मागायला गेले तेव्हा त्यांना इतकं कसंनुसं झालं की जागा मिळाल्यावर ते मान खाली घालून बसले, चेहरा पांढरा पडला. आपण खरोखरच आजारी आहोत असं वाटू लागलं, नाटक नव्हतं ते. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेचा हा थोरला भाऊ.

तेच वागणं जागा आणि तिथी बदलली की कसं पालटतं, हे बघायला रंगपंचमीला जुन्या नाशकात जा. बऱ्याच ठिकाणी लोक धुळवडीला भिजतात, आपण पंचमीला. रस्त्याखाली पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, दगडी हौद. वर्षभर बुजवलेले असतात, वरून रिक्षा जातात. पंचमीच्या आधी उघडतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, पूजा होते आणि मग माणसं कपड्यांसकट धप्पा मारतात. त्या दिवशी शनी चौकात पांढऱ्या शर्टात कोरडा उभा राहिलेला माणूस विचलित असतो, त्यालाच सफाई द्यावी लागते: "सर्दी आहे हो!" दुसऱ्या दिवशी तेवढाच रंगीत शर्ट घालून ऑफिसला जाऊन दाखवा. सिंहस्थात तर त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावरून नागा साधू विवस्त्र जातात आणि लोक हात जोडतात. एरवी तिथेच कुणी तसा निघाला तर पोलिसांना फोन जाईल.

इथपर्यंत सगळं मजेचं आहे. पण हावर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये जो मुद्दा मांडला तो टोचणारा आहे: विचलन हा कृतीचा गुण नव्हे. काही लोक नियम बनवतात, ते काहींना लावतात, आणि ज्यांच्यावर तो शिक्का यशस्वीपणे बसतो ते विचलित ठरतात. गंगापूर धरणाच्या बाजूला ग्लास हातात घेऊन सूर्यास्त बघणारा पर्यटक असतो. देशीच्या दुकानाबाहेर बसलेला बेवडा असतो. घशाखाली उतरतं ते अल्कोहोलच. विल्यम चॅम्बलिस यांनी १९७३ मध्ये एका अमेरिकी शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांबद्दल लिहिलं. आठ मुलं चांगल्या घरची, सहा गरीब घरची. दोन्हीकडे दांड्या, दारू, तोडफोड. पहिल्यांकडे गाड्या होत्या, ती गावाबाहेर जाऊन उद्योग करायची, पकडली तर नम्रपणे माफी मागायची. त्यांना एकदाही अटक झाली नाही. दुसरी कायम पोलिसांच्या डोळ्यांवर. आपल्याकडे कट्ट्यावर बसलेल्या पोरांना 'टवाळखोर' म्हणतात, चारचाकीत बसून तेवढाच दंगा करणाऱ्यांसाठी मराठीत असा शब्द मला तरी सापडलेला नाही.

आणि एका ठिकाणी माझी कसोटी तोकडी पडते, तेही सांगतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. नोंद झालेल्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागायची. १९५२ मध्ये ते सुटले, म्हणून 'विमुक्त'. पण त्यांच्यातल्याच पारध्याच्या पोराकडे संशयाने बघणारी नजर आजही बघायला मिळते. तिथे कुणी कारण विचारतच नाही, आधीच ठरलेलं असतं. मला लिफ्टमध्ये निदान प्रश्न तरी यायचा.

कधी कधी सफाई देण्याची पाळी उलटवताही येते. २ मार्च १९३० ला आपल्या पंचवटीत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या काळच्या प्रमाणकानुसार देवळात जाऊ पाहणारे नियम मोडत होते आणि दार लावून घेणारे धर्म पाळत होते. पुढची जवळपास पाच वर्षं दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सत्याग्रह चालवला. दार काही उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आज त्या दारासमोर उभं राहिलं की आत जाऊ पाहणाऱ्यांनी तसं का केलं, हे कुणी विचारत नाही. दार बंद का केलं होतं, हे विचारतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुरखीम यांनी १८९५ मध्ये सॉक्रेटिसचं उदाहरण देऊन म्हटलं होतं की आजचा गुन्हा उद्याच्या नीतीची चाहूल असू शकतो. त्यासाठी तुम्हाला अथेन्सला जायची गरज नाही, सीबीएसवरून पंचवटीची बस मिळते.

तुमच्या उदाहरणासाठी एवढंच करा: आठवडाभर वहीत टिपा, तुम्हाला कशाकशाचं कारण सांगावं लागलं. 'एकटाच आलास?', 'चहा नाही घेत?', 'आर्ट्सला का?' आर्ट्स घेतलेल्या मुलाच्या हाताशी उदाहरण नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

माझं म्हणाल तर चार वर्षं झाली. काका आता "मेथी कशी दिली?" विचारतात. बॅग मुलगी सहलीला नेते. बायकोला मात्र बँकेत अजून विचारतात, "मिस्टर काय करतात?" कलंकाची झळ जवळच्या माणसालाही लागते, हेही गॉफमन यांनी लिहून ठेवलंय. ती सांगते, "कन्सल्टिंग." कसलं, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.