गोळी घेतली, तरी जंत पडला

प्रश्न : डॉक्टरबाई, नातू आठ वर्षांचा. फेब्रुवारीत शाळेत जंताची गोळी घेतली होती. परवा शौचातून वीतभर लांब, गांडुळासारखा जंत पडला. पोर दिवसभर आगरात अनवाणी असतं. शेजारीण म्हणते, गूळ बंद करा, गोळीत काही दम नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा गोळी आहे. देऊ का?
– एक आजी, गुहागर तालुका

उत्तर : आजी, जरूर द्या. गोळीने आपलं काम केलं होतं. तिच्यातलं अल्बेंडाझोल हे औषध त्या दिवशी पोटात असलेले जंत मारतं, पुढे येणाऱ्यांना अडवत नाही. या जंताचं अंडं मातीच्या हातांनी, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातं आणि दोन-तीन महिन्यांत त्याचा मोठा जंत होतो. फेब्रुवारीनंतर तेवढे दिवस कधीच उलटले. आपल्याकडे गोळी वर्षातून दोनदा देतात ती याचसाठी.

मला काळजी आहे ती अनवाणी पायांची. अंकुशकृमी हा दुसऱ्या जातीचा जंत सहसा तोंडातून नाही, तळपायाच्या कातडीतून शिरतो. केळी-पोफळीची सावली, ओल, उबदार माती, आणि तिथे कुणी उघड्यावर शौचाला बसलेलं, एवढं त्याला पुरतं. बेचक्यात खाज सुटली की आपण चिखल्या म्हणून सोडून देतो. कधी ती या अळ्यांचीही असते. आतड्याला चिकटून तो रक्त पितो. आरोग्य केंद्रात असताना बारा वर्षांची एक मुलगी आली होती. पाखाडी चढताना धापा टाकायची. पापणी खाली ओढली तर आतून ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी. शौच तपासलं, अंडी सापडली. घरी संडास बांधलेला होता, पण पावसाळ्यात त्यात सरपण रचलेलं, आणि सगळं घर आगरामागे जायचं! गोळी आणि लोहाच्या गोळ्या दिल्याच, पण मी त्यांना आधी सरपण बाहेर काढायला लावलं.

तुमच्याकडेही बघा, आगरात कोण बसतं ते. नातवाला चप्पल घाला, नखं कापा, जेवणाआधी साबणाने हात धुवा. तो फिकट दिसत असेल तर रक्त तपासून घ्या. गोळी चावून खायला सांगा, नुसती गिळू नये. सूनबाईंना दिवस गेले असतील तर पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी ही गोळी घेऊ नये.

आणि गूळ खाऊ दे त्याला. गुळाने जंत होत नाहीत.