कॅपिलरी प्रेशर मोजताना रक्तवाहिन्यांच्या टोनने खरंच फरक पडतो का?

पडतो, चांगलाच पडतो. टोन म्हणजे रक्तवाहिनीची भिंत किती आवळलेली आहे ते. तुम्ही लिहिलंय की पुस्तकात कॅपिलरीतलं, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांतलं, प्रेशर 17 mmHg दिलंय, मग प्रयोगात रीडिंग हलतं ती मोजणाऱ्याचीच चूक ना? नेमकं हेच एमडी फिजिऑलॉजीला असताना ऐकून ऐकून कान किटले होते, म्हणून लिहायला बसलो.

थिसिसला रॅटचे मागचे पाय होते, त्यांतून रक्ताऐवजी अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) घातलेलं सलाईन, बाटली साधारण 1.36 मीटर वर टांगलेली म्हणजे आर्टरीकडे प्रेशर 100 ला कायम, वेनस म्हणजे शिरांकडे 5. डबल ऑक्लुजन करायचो, दोन्हीकडचे क्लॅम्प एकदम लावायचे आणि दोन्हीकडच्या प्रेशरच्या रेघा जिथे येऊन मिळतात ते कॅपिलरी प्रेशर. सकाळी 14 यायचं, चहाच्या वेळेपर्यंत 19. सर म्हणायचे, "क्लॅम्प लीक होतोय रे तुझा." स्वतःच्या पैशाने नवा आणला, तरी 19. आता नर्व्ह कापलेल्या, सलाईनमध्ये कॅटेकोलामिन (रक्तवाहिन्या आवळणारी हॉर्मोन्स) नाही, तर आर्टेरिओल्स (कॅपिलरीच्या आधीच्या बारीक धमन्या) हळूहळू सैल पडणारच ना, वरचा नळ मोठा सोडल्यासारखं, 100 मधलं जास्त प्रेशर खाली पोचतं. एके दिवशी न विचारता असंच एक कॅटेकोलामिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडलं, रीडिंग 15 वर आलं. सर म्हणाले, "योगायोग." थिसिसमध्ये सकाळ-दुपारचं सगळं एकत्र करून सरासरी छापली, माझ्या सहीने, अजून लाज वाटते.

लँडिस नावाच्या संशोधकाने 1930 साली माणसाच्या नखाच्या कडेच्या कॅपिलरीत बारीक काचेची नळी घालून मोजलं होतं, आर्टेरिओलच्या टोकाला 32, मधे 20, वेन्यूलच्या (पुढच्या बारीक शिरेच्या) टोकाला 12. हात गरम केला की आकडे वर. म्हणजे एकच आकडा असा नसतोच, टोन, तापमान आणि वेळ लिहिल्याशिवाय रीडिंग निरर्थक. अ‍ॅम्लोडिपिन या ब्लड प्रेशरच्या गोळीने घोटे सुजतात ते तरी दुसरं काय, आर्टेरिओल सैल, शिरा तशाच, माझ्या आईचं रोजचं रडगाणं आहे.

हां, एक राहिलं, पंपाने फ्लो कायम ठेवला असेल तर आर्टेरिओलच्या टोनने कॅपिलरीत फारसं हलत नाही, आर्टरीकडचं प्रेशरच बदलतं, तिथे शिरांचा टोन बघा. आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन शिराही आवळतं, तेव्हा माझा तो एक डोस म्हणजे काही पक्का पुरावा नव्हे, हे मान्य.

पण क्लॅम्पचं नाही मान्य. दुपारी फ्लो मिनिटाला 8 मिलीचा 12 च्या वर गेलेला असायचा, आणि फ्लो मी क्लॅम्प उघडे असताना मोजायचो. उघडा क्लॅम्प लीक कसा होतो सर?