वासना म्हणजे आधी वास

प्रश्न आलाय की बौद्ध विचारात वासनेमुळे पुन्हा जन्म मिळतो म्हणतात, मग साध्या सरळ माणसाला पुनर्जन्म कशाला, त्याला कुठे असते वासना? हा घोळ बातम्यांनी केलाय. 'वासनांध नराधम' ऐकून ऐकून या शब्दाचा एकच अर्थ लोकांच्या डोक्यात बसलाय आणि मला त्याचा खरंच त्रास होतो. आमची आजी तापातल्या माणसाबद्दल 'अन्नावर वासनाच नाही त्याची' म्हणायची. बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना की 'काहीतरी वासना राहिली असेल' म्हणतात, तेव्हा कुणाच्या मनात घाणेरडं काही येतं का?

तर बुद्धाने दुःखाचं आणि पुन्हा जन्माचं कारण सांगताना शब्द वापरलाय तण्हा. संस्कृत तृष्णा, पाली तण्हा, आपली तहान. त्यात भोगाची तहान आहे तशीच 'मी असावं, असत राहावं' ही भवतण्हा पण आहे, आणि ती सरळ माणसालाही असतेच.

वासना हा शब्द मात्र वेगळा, आणि मला तो जास्त आवडतो. वास् म्हणजे सुवासिक करणं. दादरच्या फुलबाजारातून मोगऱ्याचा गजरा आणा, पर्समध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी सुकला म्हणून टाकून द्या, पर्सला वास राहतोच ना, तीच वासना. असंग या बौद्ध आचार्याने चौथ्या शतकाच्या आसपास हाच दाखला तिळाचा दिलाय: तिळात फुलं ठेवली, फुलं गेली, वास तिळात राहिला. आपलं वासाचं तेल, फुलेल, असंच व्हायचं की! प्रत्येक कृती मनाला असा वास लावून जाते, त्यातून स्वभाव बनतो आणि तोच पुढच्या जन्मात जातो. फूल स्वतः काही तिळात शिरत नाही, म्हणून आत्मा न मानताही पुनर्जन्म सांगता येतो, माझ्या मते या शब्दाची खरी ताकद इथे आहे.

काही कोशवाले ठामपणे सांगतात की वासना वस् म्हणजे राहणे यावरून, 'मनात राहते ती'. मला हे अजिबात पटत नाही. मग तिळाचा दाखला कशाला दिला असता? आणि सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएन त्संगने चिनीत वासनेसाठी धुरी देणे, सुवास लावणे या अर्थाचं चिन्ह का घेतलं? त्याने वासनेबद्दलचे ग्रंथ नालंदेत बसून शिकलेत, कोशात बघून नाही.

उदान या पाली ग्रंथात पिलिंदवच्छ या भिक्खूची गोष्ट आहे. अर्हत, म्हणजे मुक्त झालेला माणूस, पण दिसेल त्या भिक्खूला 'वसल' म्हणायचा, म्हणजे वृषल, हलका. तक्रार राजगृहाच्या वेळुवनात बुद्धापर्यंत गेली. बुद्ध म्हणाला, याच्या मनात द्वेष नाही, सलग 500 जन्म ब्राह्मणकुळात गेलेत, ती जुनी बोलायची सवय आहे. आपण म्हणतो जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, इथे 500 वेळा मरूनही गेली नाही. यालाच पुढच्या लोकांनी वासना म्हटलं आणि फरक सांगितला की क्लेश, म्हणजे लोभ-द्वेषासारखे मनातले मळ, अर्हताचेही जातात, पण वासनेसकट जातात ते फक्त बुद्धाचे. आता हे वाक्य बातम्यांवाला अर्थ घेऊन वाचून बघा, त्या बिचाऱ्या अर्हताची केवढी बदनामी होते.