विश्वास निर्देशांक घसरला, मग घरांचे भाव का पडत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या प्रदेशाचा ग्राहक विश्वास निर्देशांक, म्हणजे लोकांना आपल्या पैशाबद्दल आणि पुढच्या दिवसांबद्दल किती भरवसा वाटतो हे सांगणारा आकडा, सलग तीन महिने घसरलाय, घरांचे भाव मात्र जागचे हललेले नाहीत. मग भाव पडेपर्यंत थांबावं का? तुम्हा दोघांच्याही नोकऱ्या तिथल्या मुख्य उद्योगात आहेत, हेही तुम्ही लिहिलंय. त्याकडे शेवटी येतो.

मी बरीच वर्षं गृहकर्जासाठी घरांचं मूल्यांकन केलंय. लोकांचा धीर सुटला की आधी व्यवहार आटतात, भाव त्यानंतर खूप उशिरा उतरतात. तुम्ही फक्त भाव बघताय, म्हणून काहीच घडत नाहीये असं वाटतंय.

एका मंदीत मी एक बंद फ्लॅट बघायला गेलो होतो. खिडक्यांवर धुळीचा थर, दीड वर्ष गिऱ्हाईक नाही. मालकांनी पिशवीतून खरेदीखत काढलं, रकमेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "याच्या खाली मी येणार नाही." देखभाल खर्च आणि हप्ते चालूच होते, पण त्यांच्या दृष्टीने तोटा सही केल्यावरच होणार होता. जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांनी बॉस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ मध्ये मांडला, त्यातही हेच दिसलं. ज्यांना खरेदीपेक्षा कमी पैसे मिळणार होते, ते जास्त किंमत मागत आणि त्यांचे फ्लॅट जास्त दिवस पडून राहत.

आता निर्देशांकाविषयी. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जॉर्ज कटोना या अभ्यासकांनी १९४६ मध्ये लोकांचा असा भरवसा मोजणारी पाहणी सुरू केली. तिचा मुख्य निर्देशांक पाच प्रश्नांवर उभा आहे: घरची आर्थिक स्थिती, देशातल्या धंद्याचं भवितव्य, मोठ्या वस्तू घ्यायला वेळ बरी आहे का, असे. घर घेण्याचा प्रश्न वेगळा विचारतात. त्यामुळे नुसत्या महागाईनेही मुख्य आकडा कोसळतो. जून २०२२ मध्ये तो ५० पर्यंत, तोवरच्या नीचांकाला गेला. त्या वर्षी अमेरिकेत गृहकर्जाचे दर सुमारे ३ टक्क्यांवरून ऑक्टोबरपर्यंत ७ च्या आसपास चढले. घरविक्री जोरात घटली, पण स्वस्त कर्ज असलेले मालक घर सोडेनात, म्हणून भाव कोसळले नाहीत.

भाव खऱ्या अर्थाने पडतात ते मालकाला विकणं भाग पडतं तेव्हा, आणि ते बहुतेकदा नोकरी गेल्यावर. प्रादेशिक अर्थव्यवस्थेत हा धोका मोठा, कारण सगळा गाडा एकाच उद्योगावर चालतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं बघा, ते शहर तेलाच्या धंद्यावर चालायचं. १९८२ नंतर तेलाची तेजी ओसरली, १९८६ मध्ये तेलाचे भाव निम्म्याहून खाली आले, आणि त्या काही वर्षांत तिथल्या दोन लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. तेजीत सुरू केलेली बांधकामं त्याच सुमारास पुरी होत होती. बँकांच्या ताब्यात घरांमागून घरं आली. उरलेल्या अमेरिकेची अर्थव्यवस्था १९८३ पासून वाढत होती, तेव्हाची ही गोष्ट. देशाचे आकडे पाहून तिथल्या माणसाला काय कळणार होतं?

म्हणून दर महिन्याला किती व्यवहारांची नोंदणी होते आणि घर विकायला किती दिवस लागतात, ते बघा. जाहिरातीतली किंमत सोडा. सौदा प्रत्यक्षात कितीला झाला ते विचारा. आणि तुमच्या उद्योगात रिकाम्या जागा भरताहेत की नाही, हे तर तुम्हाला कोणत्याही पाहणीआधी कळेल.

आता तुमच्या नोकऱ्या. मला खरी काळजी त्यांची वाटते. तो उद्योग बसला तर दोन्ही पगार आणि घराची किंमत एकदमच खाली येतील, आणि तेव्हा घर विकून सुटताही येणार नाही. भाव आणखी थोडे उतरतील म्हणून थांबू नका. पण हप्ता एकाच पगारात बसेल एवढंच कर्ज घ्या आणि वर्षभराचे हप्ते बाजूला पडल्याशिवाय बयाणा देऊ नका.