मणक्याला दाखवायला

"मॅडम, गावात कळलं तर पोराचं लगीन कसं जमंल?" कोल्हापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्या कानावर सतत येतो. माणसं कधी राधानगरीकडची, कधी गडहिंग्लजकडची, काळजी तीच. म्हणून भुदरगड तालुक्यातल्या एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा 24 वर्षांचा. पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालणारं पोरगं तीन महिने अंथरुणाला खिळलेलं. आधी देवऋषी झाला, अंगारे झाले, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे आले. निदान नैराश्याचं. गोळ्या सुरू झाल्या आणि आठव्या दिवशी आईनेच बंद केल्या. "सवय लागती म्हणत्यात." या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवल्या तर त्रास होतो, हे समजावल्यावर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. भीती मात्र हलेना.

"गावात काय सांगून येता?"

"मणक्याला दाखवायला चाललोय म्हणून."

वडापमध्ये बसताना ती मुलाच्या कमरेला पट्टा बांधायची. माझ्यासमोर आला की तो पट्टा सोडून मांडीवर घ्यायचा आणि त्याची टोकं चाळवत बसायचा.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली. छळणाऱ्या समजुतीला पुरावा विचारायचा, ही माझी सवय. तीन भेटी मी तेच केलं. ती मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पट्टा असायचाच. चौथ्या भेटीत विचारलं,

"मावशी, तुमच्या गल्लीतनं अजून कोण कोण कोल्हापूरला मणक्याला येतं?"

ती बोटं मोजू लागली. वरच्या आळीची सून. माळावरचे मास्तर. चुलत जाऊ. तिसऱ्या पेरावर अंगठा थांबला. बराच वेळ ती हाताकडेच बघत राहिली.

"जाऊ तर बाळंतपणापास्नं नुसती रडतीया. तिचाबी मणका नसणार."

मी गप्प राहिले. इतक्या वर्षांच्या कामात मला मोलाचं वाटतं ते हेच, त्या क्षणी न बोलणं. पुरावा मी देऊन उपयोग नव्हता. तो तिच्या गल्लीतच होता.

तुमच्या घरी असंच असेल, तर सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. एकाच विश्वासाच्या माणसाला सांगा, सुरुवात झोप आणि भूक यांपासून करा. गावातल्या आशा आरोग्यसेविकेशी, आशाताईंशी बोलता येतं. कोल्हापूर लांब पडत असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येतं. उपचारांची माहिती गुप्त राहणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. लग्नाचं म्हणाल, तर आधी तब्येत, मग स्थळ. आणि समोरच्या घराला लग्नाआधीच सांगा. लपवलेल्या गोळ्या लग्नानंतर चुकायला लागतात, आजार उलटतो आणि दोन्ही घरं होरपळतात. हे मी जवळून पाहिलंय.

महिन्याभराने तिघं आली. जाऊ दाराशीच घुटमळली. मुलाने खुर्ची पुढे ओढली.

"काकी, बस. पयल्यांदा रडू येतंय. मॅडम थांबत्यात."