'पॅरिस कम्यून'मधलं कम्यून म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आलाय की पॅरिस कम्यून (१८७१ला पॅरिसवाल्यांनी थोडे दिवस चालवलेलं बंडखोर सरकार) हे नाव कम्युनिस्टांवरून पडलं का, आणि मराठीत तो कम्यून, ती की ते.

कम्युनिस्टांवरून अजिबात नाही. फ्रेंचमध्ये कम्यून म्हणजे आपली साधी नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, कारभारातलं सगळ्यात खालचं युनिट. आजही फ्रान्समध्ये अशी जवळपास ३५ हजार कम्यून आहेत, शे-दोनशे वस्तीचं खेडंसुद्धा कम्यूनच. आपला घोळ होतो कारण मराठीत हा शब्द रुळला तो एकत्र राहण्याच्या अर्थाने, म्हणजे १९४०च्या दशकात मुंबईत कम्युनिस्ट पार्टीचे होलटायमर, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्ते, एकत्र राहायचे ते कम्यून, नंतर पुण्यातलं ओशो कम्यून.

१८७१ला पॅरिसवाल्यांचं म्हणणं होतं की आमचं शहर आम्ही चालवू. आधीच्या सम्राटाच्या, तिसऱ्या नेपोलियनच्या काळात तिथे निवडून आलेला मेयरच नव्हता, वरून नेमलेला प्रीफेक्ट सगळं बघायचा (आपल्याकडे महापालिकेवर प्रशासक बसवतात ना, तसंच काहीसं). १८ मार्चला मोंमार्त्रच्या टेकडीवरच्या तोफा न्यायला सरकारी सैन्य आलं आणि तिथेच भडका उडाला, सम्राटानंतर आलेलं तिएरचं सरकार पॅरिसजवळच्या व्हर्सायला पळालं, २६ला निवडणूक, २८ला कम्यून जाहीर आणि २८ मेला सैन्याने खेळ खलास केला, १८ मार्चपासून धरून एकूण ७२ दिवस. निवडून आलेल्यांत जॅकोबिन (जुन्या फ्रेंच क्रांतीच्या वळणाचे), ब्लांकीवाले (मूठभरांनी उठाव करून सत्ता घ्यावी म्हणणारे), प्रूदाँवाले (कामगारांच्या सहकारी संघांवर भर देणारे) अशी सगळी खिचडी होती. त्यांचा मला सगळ्यात आवडलेला हुकूम म्हणजे बेकरीतलं रात्रपाळीचं काम बंद, पाव सकाळी जरा उशिरा मिळाला तरी चालेल!

झेंडा लालच होता, पण कम्युनिस्टांशी नातं मागाहून जुळवलं गेलं. मार्क्सने कम्यून पडल्या पडल्याच त्यावर लिहिलं, १८९१ला एंगल्स म्हणाला कामगारांची हुकूमशाही बघायचीय तर पॅरिस कम्यून बघा, आणि पुढे रशियावाल्यांनी तर १९६४ला त्या झेंड्याचा तुकडा यानातून अंतराळात फिरवून आणला. खुद्द पॅरिसला मात्र कम्यूननंतर मेयर मिळाला तो थेट १९७७मध्ये, सरकारला इतकी धास्ती!

लिंगाचं म्हणाल तर फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे, पण मी 'ते कम्यून'च लिहितो, सरकार ते म्हणून तेही ते. आणि कम्यूनमधला यू दीर्घ, कम्युनिस्टमधला ऱ्हस्व, यात गल्लत नको.