वाचक विचारतात : विल्किन्सनची कारकीर्द आणि कलकत्त्याचा करंडक

प्रश्न : २००३ चा रग्बी विश्वचषक इंग्लंडने जॉनी विल्किन्सनच्या अखेरच्या क्षणीच्या किकमुळे जिंकला, एवढे मला ठाऊक आहे. त्यानंतर तो दुखापतींमुळे बहुतेक काळ मैदानाबाहेरच होता, असेही वाचले. मग त्याची गणना थोर खेळाडूंत कशी होते? शिवाय अशा खेळाडूला पगार देश देतो की क्लब?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पगाराचे आधी सांगतो, कारण कारकिर्दीचा आकार त्यावरच ठरतो. रग्बी युनियन हा खेळ ऑगस्ट १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी होता. खेळण्याचे पैसे घेण्यास मनाई होती. विल्किन्सन १९९७ मध्ये, शाळा संपताच, विद्यापीठाची वाट सोडून न्यूकॅसलच्या संघात दाखल झाला. म्हणजे दुसरा कोणताही व्यवसाय न करता थेट रग्बीवर पोट भरणाऱ्या पहिल्या पिढीतला तो खेळाडू. विल्किन्सनच्या काळात इंग्लंडमध्ये खेळाडू हा क्लबचा नोकर असे आणि देशासाठी खेळल्याचे मानधन रग्बी महासंघ वेगळे देई. आयर्लंड किंवा न्यूझीलंडमध्ये मात्र प्रमुख खेळाडूंशी राष्ट्रीय संघटनाच करार करते, त्यामुळे त्यांना कधी विश्रांती द्यायची हेही तीच ठरवू शकते. इंग्लंडच्या खेळाडूची क्लब आणि देश यांच्यात ओढाताण होई, ती या फरकामुळे.

आता त्या किकविषयी. २२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध जादा वेळ संपायला अर्ध्या मिनिटाहूनही कमी अवधी उरला असताना गुणफलक १७-१७ असा होता. चेंडू हातातून सोडून, तो जमिनीला टेकून उसळतो त्याच क्षणी मारायचा, म्हणजे ड्रॉपगोल. त्याचे तीन गुण मिळतात. विल्किन्सन मुळात डावखुऱ्या पायाचा. त्याच सामन्यात ड्रॉपगोलचे त्याचे आधीचे प्रयत्न हुकले होते. आणि हा त्याने उजव्या पायाने मारला. लोक याला दैवी क्षण म्हणतात. मला तो सरावाचा हिशेब वाटतो, कारण कमकुवत पायावर वर्षानुवर्षे घाम गाळलेला असल्याशिवाय अशा वेळी तो पाय वापरण्याचे धाडस कोणी करणार नाही.

दुखापतींबद्दल आपण वाचले ते खरेच आहे. मान, दंड, गुडघा, अगदी मूत्रपिंडसुद्धा, अशी ती मालिका चालली आणि विश्वचषकानंतर इंग्लंडच्या पोशाखात तो पुन्हा उतरला तो थेट फेब्रुवारी २००७ मध्ये, स्कॉटलंडविरुद्ध. त्या दिवशी त्याने एकट्याने २७ गुण मिळवले. (त्यातल्या ट्रायच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याच्या वेळी त्याचा पाय मैदानाच्या कडेच्या रेषेबाहेर गेल्याचे चित्रफितीत दिसते, पण ट्राय दिला गेला तो गेलाच.) त्याच वर्षी इंग्लंड पुन्हा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि दक्षिण आफ्रिकेकडून १५-६ असे हरले. चिंता आणि अपयशाची भीती यांनी आपल्याला किती पोखरले होते, हे त्याने स्वतःच पुढे उघडपणे सांगितले आहे. तेव्हा मैदानाबाहेरची ती वर्षे केवळ हाडामांसाची नव्हती.

त्याच्या थोरपणाचा खरा पुरावा मात्र माझ्या मते फ्रान्समध्ये आहे. २००९ मध्ये, तिशीत, तो भूमध्य समुद्राकाठच्या तूलाँ शहराच्या क्लबकडे गेला. संपत आलेला खेळाडू शेवटची कमाई करायला चालला आहे, अशीच पुष्कळांची समजूत होती. प्रत्यक्षात त्याच्या नेतृत्वाखाली तूलाँने २०१३ आणि २०१४ असे सलग दोनदा युरोपीय क्लबांचे अजिंक्यपद मिळवले. दुसरे अजिंक्यपद त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचे. त्यानंतर आठवडाभराने फ्रेंच लीगच्या अंतिम सामन्यात तूलाँने कास्त्रला १८-१० असे हरवले. त्या १८ पैकी १५ गुण विल्किन्सनचे होते आणि तोच त्याचा अखेरचा सामना ठरला. इंग्लंडकडून तो ९१ सामने खेळला, १,१७९ गुण त्याच्या नावावर लागले. यातले काही सामने त्याला तूलाँमध्ये असतानाही खेळता आले. २०११ च्या विश्वचषकानंतर परदेशी क्लबांतल्या खेळाडूंना, अपवाद वगळता, संघात न घेण्याचे धोरण इंग्लंडने लागू केले, त्याच्या आधीचा हा काळ.

प्रश्न : इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या रग्बी सामन्याच्या करंडकाला ‘कलकत्ता कप’ का म्हणतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कलकत्त्यातील इंग्रजांनी १८७३ मध्ये स्थापन केलेला रग्बी क्लब काही वर्षांतच मोडकळीस आला, कारण सभासद पोलो आणि टेनिसकडे वळले. तेव्हा उरलेल्या सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवून करंडक घडवला आणि तो इंग्लंडच्या रग्बी महासंघाला भेट दिला. त्याच्या तीन मुठी नागाच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून दोन्ही देश त्यासाठी खेळत आले आहेत. वरच्या उत्तरात उल्लेखलेला विल्किन्सनचा २००७ मधील पुनरागमनाचा सामना याच करंडकासाठी होता.